‘हे खोटे कशाने ठरेल?’ : प्रौढ परीक्षार्थी आणि वैज्ञानिक पद्धती

दहावीच्या विज्ञानाच्या अभ्यासात ‘शास्त्रीय कारणे लिहा’ हा प्रश्नप्रकार विद्यार्थ्यांच्या चांगल्या परिचयाचा आहे. ‘थंड प्रदेशात हिवाळ्यात पाण्याचे नळ फुटतात’ हे त्यातील एक नेहमीचे विधान. एका सायंवर्गात हे विधान फळ्यावर लिहिले गेले, तेव्हा शिवणकामावर उपजीविका करणाऱ्या, चाळिशी ओलांडलेल्या एका भगिनीने विचारले, “सर, थंडीने धातू आकसतो असे आपण मागे शिकलो. मग नळ आकसूनच फुटला असे का म्हणू नये?” शिक्षकांनी उत्तर दिले, “ताई, गाईडमध्ये आहे तेच लिहा, गुण मिळतील.” प्रश्न तेथेच मिटला. आमच्या मते विज्ञानाचा तास त्याच क्षणी सुरू व्हावयास हवा होता.

त्या भगिनीची शंका अडाणीपणाची नव्हती. एकाच घटनेची दोन कारणे समोर होती आणि दोन्ही सकृद्दर्शनी पटण्याजोगी होती. पहिले कारण असे की, पाणी गोठताना प्रसरण पावते आणि आतून दाब देऊन नळ फोडते. दुसरे असे की, थंडीने धातू आकसतो आणि त्या ताणाने नळ तडकतो. यांतील कोणते खरे, हे ठरवावयाचे कसे? गाईड पाहून नव्हे. दुसरे कारण खरे असेल, तर रिकामा नळही फुटला पाहिजे, कारण रिकाम्या नळाचा धातूदेखील तेवढाच आकसतो. प्रत्यक्षात थंड देशांतील लोक हिवाळ्यात घर बंद करून जाताना नळांतील पाणी काढून टाकतात आणि असे रिकामे नळ शाबूत राहतात. म्हणून दुसरे कारण टिकत नाही. पहिल्या कारणाची परीक्षा तर घरीही करता येते. प्लॅस्टिकच्या पेल्यात अर्ध्यापर्यंत पाणी घ्यावे, पातळीवर बाहेरून खूण करावी आणि पेला फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात ठेवावा. सकाळी बर्फाची पातळी खुणेच्या वर गेलेली दिसते.

एवढ्या संवादात वैज्ञानिक पद्धतीचा गाभा येऊन गेला असता. प्रस्तुत लेखात आम्हांस एवढेच मांडावयाचे आहे की, परीक्षेला बसणाऱ्या प्रौढांना ही पद्धती पायऱ्यांची यादी म्हणून न शिकविता ‘आपला अंदाज खोटा कशाने ठरेल?’ या एका प्रश्नाभोवती शिकवावी. त्यात त्यांच्या परीक्षेचेही हित आहे.

हे विद्यार्थी कोण?

शाळा मध्येच सुटलेली माणसे आपल्याकडे ‘सतरा नंबरचा फॉर्म’ भरून, म्हणजे राज्य मंडळाचे खाजगी विद्यार्थी म्हणून, दहावीला बसतात. कोणाला नोकरीतील बढतीसाठी प्रमाणपत्र हवे असते, कोणाला परिचारिकेच्या साहाय्यकाचे काम हवे असते, तर कोणाला मुलाच्या वहीत काय लिहिले आहे ते समजून घ्यावयाचे असते. विज्ञानाच्या दोन भागांचे प्रत्येकी ४० गुण लेखी परीक्षेला आणि २० गुण प्रात्यक्षिकांना असतात. दिवसभर काम करून रात्री दोन तास वर्गात बसणाऱ्या माणसाला गाईडमधील उत्तर पाठ करणे हा जवळचा मार्ग वाटतो, यात त्याचा दोष नाही. परंतु पाठांतराचा मार्ग प्रौढांना विशेष साथ देत नाही. अर्थावाचून लक्षात ठेवलेले वाक्य परीक्षेच्या दालनात एका शब्दापाशी अडले की पुढचे सारे गळून पडते. कारणांची साखळी समजलेली असेल, तर वाक्य विसरले तरी उत्तर पुन्हा बांधता येते.

प्रौढांच्या रात्रवर्गाची आपली परंपरा जुनी आहे. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८५५ मध्ये शेतकरी आणि कामकरी यांच्यासाठी पुण्यात रात्रशाळा सुरू केली होती. ज्यांचा दिवस श्रमात गेला आहे अशा माणसांपुढे उभे राहताना शिक्षकाने एक गोष्ट ध्यानी ठेवावी लागते. मुलाच्या मनाची पाटी बरीचशी कोरी असते. प्रौढाची पाटी भरलेली असते. भाकरीचा तवा किती तापला हे तो पाण्याचा थेंब टाकून ओळखतो, पावसाळ्यात लाकडी दार का अडते हे त्याला ठाऊक असते. हा अनुभव हेच त्याचे भांडवल आणि त्याची अडचणही हाच. ‘मी स्वतः पाहिले आहे’ असे तो म्हणतो, तेव्हा ते खरेच असते. मात्र जे पाहिले त्याचे कारणही तेच असेल असे नाही, हे त्याला न दुखविता दाखवून देणे, हे शिक्षकाचे खरे काम होय.

आधी वस्तू, मग शब्द

सामान्यतः वर्गात आरंभीच निरीक्षण, प्रश्न, गृहीतक, प्रयोग आणि निष्कर्ष असे पाच शब्द फळ्यावर लिहिले जातात. विद्यार्थी ते उतरवून घेतात आणि क्रमाने पाठ करतात. आमचा अनुभव असा की, हा क्रम उलटा करावा. प्रथम वस्तू हाताळू द्यावी आणि अनुभव आल्यावर त्याला नाव द्यावे.

यासाठी दह्याचा प्रयोग फार सोयीचा आहे, कारण त्याची सामग्री प्रत्येकाच्या घरी असते. दूध तापवून कोमट होऊ द्यावे आणि सारख्या तीन वाट्यांत सारखेच घ्यावे. ‘क’ वाटीत चमचाभर विरजण घालून ती उबदार जागी झाकून ठेवावी. ‘ख’ वाटीत तेवढेच विरजण घालून ती फ्रीजमध्ये ठेवावी. ‘ग’ वाटीत विरजण न घालता ती ‘क’ च्या शेजारी झाकून ठेवावी. वाट्या झाकण्यापूर्वी प्रत्येकाने सकाळी काय दिसेल ते वहीत लिहावे आणि खाली दिनांक घालावा. सकाळी सामान्यतः ‘क’ वाटीत घट्ट दही लागलेले आढळते. ‘ख’ मधील दूध बरेचसे दूधच असते. ‘ग’ मध्ये त्या वेळेत तसे दही लागत नाही.

आता शब्द द्यावेत. आदल्या रात्री वहीत लिहिलेला अंदाज म्हणजे गृहीतकावरून केलेले भाकीत. जी गोष्ट आपण मुद्दाम बदलली, म्हणजे ऊब किंवा विरजण, ती स्वतंत्र चल. तिच्यामुळे जे बदलले, म्हणजे दही लागणे किंवा न लागणे, ते अवलंबून असणारे चल. दूध, वाटी आणि वेळ हे आपण सारखे ठेवले, ती नियंत्रित चले. विरजण नसलेली ‘ग’ वाटी ही विरजणाचे कार्य तपासण्यासाठी ठेवलेली तुलनेची वाटी. यानंतर विचारावे की, कोणत्या दोन वाट्यांची तुलना करून काय म्हणता येईल? ‘क’ आणि ‘ख’ यांत केवळ तापमानाचा भेद आहे, म्हणून त्यांच्यावरून उबेविषयी बोलता येते. ‘क’ आणि ‘ग’ यांत केवळ विरजणाचा भेद आहे, म्हणून त्यांच्यावरून विरजणाविषयी बोलता येते. ‘ख’ आणि ‘ग’ यांत मात्र दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत, म्हणून त्या दोघींच्या तुलनेवरून काहीच ठरविता येत नाही. ‘एका वेळी एकच गोष्ट बदलावी’ हा नियम येथे विद्यार्थ्यांना स्वतःच सापडतो. एकदा सापडला की तो विसरला जात नाही.

कधी ‘ग’ वाटीतील दूध आंबते किंवा नासते. शिक्षकाने तेव्हा ‘प्रयोग चुकला’ असे म्हणून वाटी ओतून देऊ नये. जिवाणू हवेत आणि भांड्यावरही असतात, झाकण नीट नसेल, वाटी ओली असेल. अशा प्रत्येक शंकेतून पुढील प्रयोग निघतो. परीक्षेच्या भीतीने ग्रासलेल्या प्रौढाला येथे एक मोठा दिलासा मिळतो. आपला अंदाज चुकला तर तो अपमान नसून मिळालेली माहिती असते, हे त्याला कळते.

प्लेगाचे उदाहरण

वाट्यांवरून जे कळले ते मोठ्या प्रमाणावर दाखविण्यासाठी आम्ही प्लेगाच्या संशोधनाचा इतिहास सांगतो. तो आपल्याच भूमीत घडला आहे आणि त्यात काय पणाला लागले होते हे कोणालाही वेगळे सांगावे लागत नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईतील मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगाचा रोगी ओळखला. रोगाचा जंतू १८९४ मध्येच हाँगकाँग येथे सापडलेला होता. परंतु तो एका शरीरातून दुसऱ्या शरीरात जातो कसा, हे कोणालाच ठाऊक नव्हते. दूषित हवा, घाण, धान्य, रोग्याचा स्पर्श असे अनेक अंदाज होते. त्यांतील कोणताही वरवर पाहता अतार्किक नव्हता. या अंदाजांवर विसंबून गटारे धुतली गेली, घरांत जंतुनाशके फवारली गेली, भिंतींना चुना लावला गेला, माणसांना घरांतून ओढून छावण्यांत नेले गेले. रोग थांबला नाही. पुण्याजवळ प्लेगाच्या रोग्यांची शुश्रूषा करताना स्वतः सावित्रीबाईंना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. ज्यांनी रात्रशाळा चालविली त्यांना, आणि त्यांच्या काळातील लक्षावधींना, कशापासून सावध राहावे हे सांगणारा कोणी नव्हता. कारण ते अद्याप कोणाला कळलेच नव्हते.

प्लेगापूर्वी घरांत उंदीर मरून पडतात हे पुष्कळांनी पाहिले होते. हे झाले निरीक्षण. पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टरांनी त्यावरून एक गृहीतक मांडले की, मेलेल्या उंदराच्या अंगावरील पिसवा ते शरीर सोडून दुसऱ्या उंदराकडे किंवा माणसाकडे जातात आणि त्यांच्या चाव्यातून रोग पसरतो. १८९८ मध्ये कराचीत त्यांनी याची परीक्षा केली. एका मोठ्या काचेच्या भांड्यात पिसवा असलेला रोगी उंदीर ठेवला आणि त्याच भांड्यात जाळीच्या लहान पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर असा ठेवला की, दोघांचा स्पर्श होणार नाही, परंतु पिसवा जाळीतून जाऊ शकतील. निरोगी उंदराला प्लेग झाला. येथे थांबले असते, तर कोणी म्हणाले असते की, भांड्यातील हवेनेच रोग गेला. म्हणून त्यांनी पिसवा नसलेल्या रोगी उंदराजवळ निरोगी उंदीर ठेवून पाहिले. हवा तीच, जवळीक तीच, फक्त पिसवा नाहीत. आणि रोग झाला नाही. आमच्या वर्गात एक रिक्षाचालक विद्यार्थी येथे उद्गारला, “म्हणजे ही ‘ग’ वाटी!” आम्हांस त्याहून अधिक काही सांगावे लागले नाही.

कथा येथे संपत नाही, आणि तिचा पुढील भागही शिकवावयास हवा. सिमाँ यांचे म्हणणे अनेकांनी मानले नाही. एका माणसाचा थोड्या प्राण्यांवरील प्रयोग पुरेसा नाही, ही शंका रास्त होती. १९०५ पासून मुंबईत प्लेग संशोधन आयोगाने हे काम पुन्हा हाती घेतले. परळ येथे १८९९ पासून असलेली प्लेगाची प्रयोगशाळा, म्हणजे आजची हाफकिन संस्था, त्याचे केंद्र होती. मुद्दाम बांधलेल्या लहान खोल्यांत प्लेगाच्या पिसवा होत्या. तेथे काही पिंजरे जमिनीलगत आणि काही सुमारे दोन फूट उंचीवर टांगून गिनीपिग ठेवण्यात आले. पिसू काही इंचांहून अधिक उंच उडू शकत नाही. जमिनीलगतच्या प्राण्यांना रोग झाला, उंचावरचे वाचले. खोलीतील हवा तर सर्वांना सारखीच होती. हवेने रोग पसरतो हा अंदाज गाठीच्या प्लेगाबाबत अशा रीतीने पडला. (फुप्फुसाचा प्लेग मात्र खोकल्याच्या तुषारांतून पसरतो, निष्कर्षाला त्याची मर्यादा जोडून सांगणे हादेखील पद्धतीचाच भाग आहे.)

प्रौढ जेथे अडखळतात

आमच्या पाहण्यात तीन अडथळे वारंवार येतात. पहिला अडथळा एका अनुभवाला पुरावा समजण्याचा. ‘काढा घेतला आणि सर्दी गेली’ हे विधान खरे असते. पण सर्दी काढ्यावाचूनही काही दिवसांत जाते, मग काढ्याने काय केले हे कळण्यासाठी काढा न घेतलेली माणसे पाहावी लागतात. येथे घरच्या काढ्याची टिंगल करू नये. ‘तुलनेची वाटी कोठे आहे?’ एवढेच विचारावे.

दुसरा अडथळा शब्दांचा. व्यवहारात ‘सिद्धांत’ हा शब्द कोणत्याही ठाम मतासाठी वापरला जातो आणि ‘गृहीतक’ म्हणजे न तपासता धरून चाललेली गोष्ट असे वाटते. विज्ञानात गृहीतक हे तपासण्यासाठीच मांडलेले असते. पुष्कळ गृहीतके कसोटीला उतरून ज्यात एकत्र गुंफली जातात, असे विस्तृत स्पष्टीकरण म्हणजे सिद्धांत. तसेच एका प्रयोगाने गृहीतक ‘सिद्ध झाले’ असे न लिहिता त्याला ‘पुष्टी मिळाली’ असे लिहिण्याची सवय लावावी.

तिसरा अडथळा श्रद्धेने येतो, आणि या नियतकालिकाच्या वाचकांना त्याचा परिचय असेल. वर्गात कोणी तरी विचारतेच की, ‘हे सारे कालाम सुत्तात आधीच सांगितले आहे ना?’ अंगुत्तर निकायाच्या तिक निपातातील केसमुत्ति सुत्त हे अत्यंत मोलाचे वचन आहे. ऐकीव गोष्ट, परंपरा, ग्रंथाचा आधार, वक्त्याविषयीचा आदर यांवरून एखादी गोष्ट स्वीकारू नका, असे ते सांगते. आणि हे पुष्कळदा विसरले जाते की, केवळ तर्काला जुळते म्हणूनही स्वीकारू नका, असेही सांगते. प्लेगाच्या काळातील दूषित हवेची कल्पना तर्काला जुळणारीच होती, हे येथे आठवावे. तथापि त्या सुत्ताचा विषय आचरण हा आहे. लोभ, द्वेष आणि मोह यांतून घडणारे कर्म हिताचे की अहिताचे, ही त्यातील कसोटी आहे. त्यात तुलनेचा गट नाही, मोजमाप नाही, आणि ते तेथे शोधणे हा दोन्हींवर अन्याय होय. पालीतील ‘वीमंसा’ हा शब्द, म्हणजे बारकाईने पारखणे, विद्यार्थ्याच्या वृत्तीला अवश्य लागू पडतो. वृत्ती जुनी असू शकते. प्रयोगाची रीत मात्र स्वतंत्रपणे शिकावी लागते. परीक्षकापुढे सुत्ताचा हवाला देऊन नळ का फुटतो याचे उत्तर लिहिता येत नाही.

परीक्षेच्या दृष्टीने

कारणे लिहिताना आम्ही तीन दुवे जोडावयास सांगतो : लागू पडणारा नियम, प्रश्नातील परिस्थिती आणि त्यांतून येणारा परिणाम. नळाच्या उदाहरणात नियम असा की, पाणी ४ अंश सेल्सिअसच्या खाली थंड होताना प्रसरण पावते आणि गोठताना त्याचे आकारमान आणखी वाढते. परिस्थिती अशी की, थंड प्रदेशात तापमान शून्याखाली जाते आणि नळातील पाणी गोठते. परिणाम असा की, वाढलेल्या आकारमानाला जागा नसल्याने नळाच्या भिंतीवर मोठा दाब येतो आणि नळ फुटतो. तिन्ही दुवे आले की उत्तर पूर्ण होते. एक जरी गळला तरी गुण जातो, आणि बहुधा मधला गळतो, कारण तो प्रश्नात दिसतच असतो असे विद्यार्थ्याला वाटते.

प्रयोगावरील प्रश्न वाचताना पेन्सिलीने तीन खुणा कराव्यात : काय बदलले, काय मोजले, काय सारखे ठेवले. नकाशात गाव शोधावे तशी ही तीन ठिकाणे शोधण्याची सवय लागली की, अपरिचित प्रयोगाचीही भीती राहत नाही. प्रात्यक्षिकाच्या नोंदवहीत जे दिसले तेच लिहावे. शेजाऱ्याच्या वहीतील ‘बरोबर’ आकडा उतरवू नये. या सर्वांसाठी सहा सायंकाळी पुरतात. पहिली नळाच्या प्रश्नासाठी, दुसरी आणि तिसरी दह्यासाठी, चौथी प्लेगासाठी आणि शेवटच्या दोन जुन्या प्रश्नपत्रिकांसाठी. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती अनाठायी आहे, कारण पुढील प्रत्येक धडा याच तीन खुणांनी वेगाने वाचता येतो.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने वैज्ञानिक दृष्टिकोनाचा विकास हे नागरिकाचे मूलभूत कर्तव्य ठरविले आहे. ते कर्तव्य शाळा सुटलेल्या माणसाला लागू नाही असे कोठेही म्हटलेले नाही. तेव्हा असे वर्ग चालविणाऱ्या सर्व मित्रांना आमची एवढीच विनंती आहे की, शिवणकाम करणाऱ्या त्या भगिनीसारखा प्रश्न कोणी विचारला, तर त्या दिवशीचा नेमलेला पाठ बाजूला ठेवावा. गाईडमधील उत्तर दुसऱ्या दिवशीही तेथेच असेल. विचारणारी व्यक्ती पुन्हा विचारीलच, याचा मात्र भरवसा देता येत नाही.